जुना लेदर सूट ट्रॅकवर चालेल का? विकत घेण्याआधी काय काय बघायचं?

वळणवेडा
नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसता वाचतोय, आज पहिल्यांदाच धागा काढतोय.

मी पुण्यात असतो, केटीएमची आरसी ३९० बाईक चालवतो. जानेवारीत चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरच्या ट्रॅकवर (मद्रास मोटर रेस ट्रॅक, आपण अजून एमएमआरटीच म्हणतो तो) दोन दिवसांचं ट्रेनिंग बुक केलंय. त्यांची अट आहे की वन-पीस लेदर सूट पाहिजे, नाहीतर जॅकेट-पँट कमरेभोवती पूर्ण चेनने जोडली जाणारी हवी. नवीन चांगला सूट बघायला गेलो तर पन्नास-साठ हजारांच्या खाली काही नाही, आणि बुकिंगमध्येच खिसा रिकामा झालाय.

पिंपरीत एकजण वन-पीस विकतोय. परदेशी ब्रँड, गाईचं कातडं, २०१६ सालचा, २१ हजार सांगतोय. म्हणाला एकदाच पडलोय आणि तेही हळू. उजव्या कोपराला आणि कमरेच्या बाजूला घासल्याच्या खुणा आहेत, बाकी फोटोत एकदम चकाचक दिसतो. आईला दाखवला तर म्हणाली, "दुसरा ज्यात पडलाय ते तू कशाला अंगावर घालतोस?" तिला काय उत्तर द्यावं कळेना. रविवारी बघायला जातोय. नक्की काय तपासू?

घाटरस्ता
घालून बघ आणि त्याच्या किंवा तुझ्या बाईकवर ट्रॅकवर बसतोस तसं पूर्ण वाकून बस. उभं राहून आरशात बघू नकोस, उभं राहिल्यावर चांगला सूट थोडा आखडलेलाच वाटतो. बाकीचं नंतर.

सुसाट_सातारा
२१ हजार जास्त आहेत. घासाघीस कर.

सह्याद्रीचा_वारा
सूटवर एकदा घासाघीस झालीच आहे की 😄

फिरस्ता
माझं स्पष्ट मत, घेऊ नये. जुनं हेल्मेट आपण कुणीच घेत नाही ना, मग सूट का घ्यायचा? आधीच्या माणसाने कसा वापरला, किती वेळा पडला, पावसाळ्यात कुठे कोंबून ठेवला, तुम्हाला काहीच माहीत नसतं. तो "एकदाच पडलो" म्हणतो आणि तुम्ही विश्वास ठेवायचा. अजून सहा महिने पैसे साठवा, ट्रॅक कुठे पळून जात नाही.

टाकादोरा
फिरस्ता, काळजी पटली पण हेल्मेटची तुलना नाही पटली. हेल्मेटच्या आतला थर्माकोलसारखा थर एकदाच दबतो आणि वरून काही दिसत नाही. कातडं तसं नसतं. कातडं खराब झालं की ते दाखवतं, फक्त कुठे बघायचं ते माहीत पाहिजे. आमचं धारावीत चामड्याचं काम आहे, सासऱ्यांपासून. बॅगा आणि जॅकेटं मुख्य, पण गेली बारा-तेरा वर्षं बाईकवाल्या पोरांचे सूट दुरुस्तीला येतात. त्यावरून सांगते, लांबेल थोडं.

आमच्याकडे येणाऱ्या सूटमध्ये कातडं फाटलेलं क्वचित असतं, शिवण उसवलेली नेहमी असते. बाराशे-तेराशे किलोमीटर लांबून पार्सल येतं, उघडून बघावं तर चामडं ठणठणीत आणि बुडाची शिवण हातभर उघडी. जाड गाईचं कातडं (रेसिंग सूटमध्ये साधारण १.२ ते १.४ मिलिमीटर असतं) नीट ठेवलं तर वर्षानुवर्षं टिकतं. दोरा तेवढा टिकत नाही. घाम, ऊन, घासणं हे सगळं दोऱ्यावर येतं. म्हणून वळणवेडा, आधी चामडं बघू नकोस, आधी शिवण बघ.

कशी बघायची? शिवणीच्या दोन्ही बाजूंना अंगठे ठेव आणि जोर लावून फाक. मधे दोरे शिडीच्या पायऱ्यांसारखे दिसायला लागले तर ती शिवण सैल झालीय. नखाने दोरा खरवड, लोकरीसारखे तंतू निघाले तर दोरा विरलाय. हे बुडाखाली, जांघेत, काखेत, कोपराच्या बाहेरून आणि खांद्याच्या जोडावर करायचंच, तिथेच ताण येतो. चांगल्या सूटला आत एक लपलेला टाका असतो आणि वरून एक किंवा दोन ओळी. घसरताना वरच्या ओळी घासून गेल्या तरी आतला टाका धरून ठेवतो. नुसती वरून एकच ओळ असेल तर तो सूट फिरायला जायचा आहे, ट्रॅकचा नाही.

आणि एक युक्ती सांगते. अंधाऱ्या खोलीत सूटच्या आत टॉर्च घाल आणि बाहेरून बघ. अस्तर जाळीचं असतं त्यामुळे उजेड शिवणीपर्यंत पोचतो. शिवणीतून उजेडाचे ठिपके दिसले तर तिथे भोकं मोठी झालीत.

वळणवेडा
ताई, हे सोन्यासारखं आहे. एक विचारू का, घासलेल्या जागी त्याने रंग मारून घेतला असेल तर कसं कळेल?

टाकादोरा
उजेडात तिरपं धरून बघ. मूळ कातड्याला बारीक छिद्रं, सुरकुत्या असतात, रंग मारलेली जागा प्लॅस्टिकसारखी सपाट चमकते. पण त्यापेक्षा चिमूट भरोशाची. उजव्या कोपराची घासलेली जागा दोन बोटांत धर, मग डाव्या कोपराची तीच जागा धर. जाडीतला फरक बोटांना लगेच कळतो.

आणि पॅनेल बदललं असेल तर घाबरू नकोस, ती चांगली गोष्ट आहे, फक्त कसं बदललंय ते बघ. कापडाला सुईचं भोक पडलं तर धागे परत जवळ येतात. चामड्याचं भोक कायमचं. कुणी शहाण्याने जुन्या भोकांच्या शेजारी मशीनने नवीन ओळ मारली असेल तर तिथे पोस्टाच्या तिकिटासारखी रांग तयार होते, आणि तिकीट कसं फाटतं तुला माहीत आहे.

मेलबर्नकर
टाकादोरा ताईंना साष्टांग. इथे ऑस्ट्रेलियात मोटोकॅप म्हणून सरकारी मदतीने चालणारा उपक्रम आहे, २०१८ मध्ये सुरू झाला, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या बाजारातले बाईकचे कपडे विकत घेऊन चाचण्या करतात, घर्षण, शिवण फुटणं, आर्मरने (आतल्या पॅडनी) धक्का किती शोषला, सगळं. निकाल फुकटात वाचता येतात. कपड्याच्या किमतीवरून तो किती वाचवेल हे सांगता येत नाही, एवढं मी ते निकाल वाचून शिकलो.

वळणवेडासाठी महत्त्वाचं म्हणजे लेबल. सूट २०१६ चा आहे, म्हणजे आत सीई (युरोपची सुरक्षा-खूण) लिहिलेलं असलं तरी हुरळून जाऊ नकोस. युरोपात बाईकच्या कपड्यांची अट २०१८ पासून कडक झाली. त्याआधीच्या बऱ्याच सूटमध्ये सीई फक्त आतल्या पॅडना असायचं आणि विक्रेते बिनधास्त "सीई सूट" म्हणून विकायचे. नवीन कपड्याच्या लेबलवर ईएन १७०९२ आणि पुढे एएए, एए किंवा ए असं असतं. ट्रॅकला एएए बघावं. त्याआधीचं मानक ईएन १३५९५ होतं, ते ज्या सूटवर लिहिलेलं सापडेल तो सूट मी डोळे झाकून बघायला जाईन.

टाकादोरा
डोळे झाकून नको, टॉर्च घेऊन जा 🙂

अंशांश
थोडं गणित करू का? लेदर आणि डांबर यांचा घर्षणांक ०.६५ धरा. ताशी १०० किमीला पडलात तर साधारण ६० मीटर घसरत जाल आणि थांबायला ४.४ सेकंद लागतील. १२० ला पडलात तर ८७ मीटर, पाच सेकंदांच्या थोडं वर. माणूस लोळतो, मधे खडी लागते, त्यामुळे एकच जागा सतत घासत नाही, पण अंदाज यावा म्हणून.

आता मेलबर्नकर म्हणतात त्या जुन्या १३५९५ मानकात ६० ग्रिटच्या (खरखरीत सँडपेपरच्या) फिरत्या पट्ट्यावर कातड्याचा तुकडा टेकवतात आणि आरपार भोक पडायला किती वेळ लागतो ते मोजतात. कोपर-गुडघा-कमर या भागांना लेव्हल १ साठी ४ सेकंद, लेव्हल २ साठी ७ सेकंद. एक ते चार मनात मोजून बघा. घसरत असताना ते खूप लांब असतात.

कडेलोट
मोजायची गरज नाही, मी घसरलोय. दोन वर्षांपूर्वी, चेन्नईलाच. ऑनलाइन घेतलेला सेकंडहँड सूट होता, कुणाकडून ते सोडा. दिसायला झकास. वेग फार नव्हता, पुढचं चाक निसटलं आणि डाव्या कुशीवर घसरत गेलो. मला आधी आवाज आठवतो, चादर फाडल्यासारखा टरकन. कमरेपासून मांडीपर्यंतची शिवण उघडली. चामडं दोन्ही बाजूंना शाबूत आणि मधल्या फटीतून डांबर थेट मांडीला. तळव्याएवढी जागा सोलली गेली, तीन आठवडे उजव्या कुशीवर झोपलो. आंघोळ म्हणजे शिक्षा.

घरी येऊन तो दोरा बोटांत धरून ओढला तर जुन्या लोकरीसारखा तुटला. विकत घेताना कधी ओढून बघितलाच नव्हता. त्या दिवशी हा धागा असता तर बरं झालं असतं, म्हणून मुद्दाम लिहितोय.

फिरस्ता
बघा, मी हेच म्हणतोय.

कडेलोट
नाही फिरस्ता, मी त्यानंतरही जुनाच सूट घेतला. पण चार नाकारून पाचवा घेतला, आणि प्रत्येक शिवण फाकून.

हाडांचा_मित्र
मी अस्थिरोग विभागात काम करतो. लेदर सूट कातडी वाचवतो, हाडं वाचवण्याचं काम आतल्या पॅडचं, आणि तेसुद्धा मर्यादित. बाईकवरून उडून खांद्यावर आपटलेल्या माणसाची कॉलरबोन सूट कितीही महागाचा असला तरी मोडू शकते. त्यामुळे पॅडकडे लक्ष द्या. खांदा, कोपर, गुडघा, कमरेची बाजू, आणि पाठ.

पाठीचं वेगळं सांगतो. मागे जो पोक असतो तो हवा कापण्यासाठी असतो, मणक्याला त्याचा काही उपयोग नाही. बऱ्याच सूटमध्ये पाठीच्या जागी नुसता पातळ फोमचा तुकडा असतो. पाठीचा संरक्षक वेगळा घ्या, ईएन १६२१-२ लिहिलेला, लेव्हल २. लेव्हल १ मध्ये पाठीपर्यंत पोचणारा धक्का सरासरी १८ किलोन्यूटनपर्यंत चालतो, लेव्हल २ मध्ये ९. निम्मा.

मेलबर्नकर
+१. आणि जुने पॅड सरळ फेकून द्यायचे असं धरूनच किंमत ठरव. काही फोम ओलाव्याने आतून सडतात, बाहेरून कळत नाही. अंगठ्याने दाबून बघ, खळगा तसाच राहिला किंवा पिवळा भुगा पडला तर संपलं. नवीन घेताना कप्प्याचं माप घेऊन घे, कप्प्यात हलणारा पॅड पडताना भलतीकडेच जातो.

रानवाट
वेगळा प्रश्न, जुनं लेदर कडक झालं असेल तर खोबरेल तेल लावून मऊ होतं का? आमचे आजोबा कोल्हापुरीला तेल पाजायचे, चप्पल वीस वर्षं टिकली.

टाकादोरा
कोल्हापुरीची गोष्ट वेगळी. ते कातडं बाभळीची साल, हिरडा वगैरेने कमावलेलं असतं, तेल पितं आणि पायाला बसतं. सूटचं कातडं बहुतेक क्रोमने कमावलेलं आणि वर रंगाचा थर. त्याला खोबरेल पाजलं तर ते आत जाऊन खवट होतं, पावसाळ्यात बुरशी धरतं आणि शिवण ढिली पडते. ओल्या फडक्याने घाम पुसा, सावलीत वाळवा, लेदर कंडिशनर अगदी थोडा. उन्हात तर अजिबात नको, पोरं गच्चीवर वाळत घालतात ते बघून जीव कळवळतो.

आणि कडक झालेलं कातडं दुमडून बघा. घडीवर भेगा पडल्या आणि आतली मखमली बाजू भुगा सोडायला लागली तर ते मेलं. मेलेल्या चामड्याला कोणतंच तेल जिवंत करत नाही.

कोकणी_चाकं
आमच्याकडे रत्नागिरीत एका पावसाळ्यात कपाटातल्या जॅकेटवर हिरवी गार शेती झाली होती. पुसली की जाते का बुरशी?

टाकादोरा
वरची जाते. अस्तरात आणि दोऱ्यात गेलेली जात नाही. कुबट वास आला तर नाक जे सांगतं ते ऐका.

सुसाट_सातारा
उकाड्याचं पण बोला कुणीतरी, चेन्नई जानेवारीतही दमट असते. २०२३ ला ग्रेटर नोएडाला मोटोजीपी (बाईकची जागतिक शर्यत) झाली तेव्हा उकाड्यामुळे शर्यत २४ वरून २१ फेऱ्यांची केली होती, तरी मार्टिन हा रायडर शेवटी पाण्याअभावी पार गळून गेला होता. म्हणून मी तर भरपूर छिद्रंवाला सूट घेईन.

घाटरस्ता
छिद्रं छातीवर आणि मांडीच्या पुढच्या बाजूला चालतात. खांदा, कोपर, कमरेची बाजू, बूड इथे छिद्रं असतील तर तो सूट ठेवून दे. आणि बर्म्युडावर नको, आत घट्ट बसणारे पातळ कपडे घाल, घाम पसरतो आणि सूट घालता-काढता येतो. आमच्यातल्या एकाला सूटमधून बाहेर काढायला तिघं लागले होते, भूत उतरवल्यासारखं.

सह्याद्रीचा_वारा
एअरबॅगवाला जुना सूट मिळतोय कुठे का? मोटोजीपीत २०१८ पासून सक्तीचा आहे म्हणतात.

मेलबर्नकर
सक्तीचा आहे, पण जुना घेताना जपून. गॅसचा सिलिंडर, बॅटरी, सेन्सर सगळं तपासून देणारं सर्व्हिस सेंटर जवळ नसेल तर ती बॅग उघडेल की नाही यावर तुझा फक्त विश्वास राहतो. त्यापेक्षा साधा सूट आणि नवीन पाठीचा संरक्षक.

वळणवेडा
मंडळी, आलो बघून. चुलतभावाला आणि टॉर्चला घेऊन गेलो होतो. सविस्तर लिहितो.

माणूस चांगला होता, चहा दिला, काही लपवलं असं वाटलं नाही, त्यालाच माहीत नव्हतं बऱ्याच गोष्टी. सूट हातात घेतला तेव्हा जड आणि भारी वाटला, मन म्हणालं घेऊन टाक. मग ताईंनी सांगितलं तसं सुरू केलं. उजव्या कमरेची जागा चिमटीत धरली, डावी धरली. उजवी स्पष्ट पातळ. वर काळा रंग चढवलेला, तिरपं धरल्यावर रेक्झिनसारखा चमकत होता. त्याला विचारलं तर म्हणाला आधीच्या मालकाने केलं असेल. म्हणजे तो दुसरा मालक! "एकदाच पडलो" खरं होतं, पण फक्त त्याच्यापुरतं.

बाथरूममध्ये दिवा बंद करून टॉर्च आत घातला. बुडाखालच्या शिवणीत ओळीने उजेडाचे ठिपके, लांबून अमावास्येचं आभाळ दिसावं तसे. भाऊ आणि मी एकमेकांकडे बघतच राहिलो. गुडघ्याचा पॅड काढून दाबला, हाताला पिवळी पूड लागली, बेसनासारखी. आणि शेवटी घालून त्याच्या बाईकवर वाकून बसलो तर बाही मनगटाच्या तीन बोटं वर, आणि भावाने कोपराचा पॅड धरून फिरवला तर सरळ आतल्या बाजूला आला. आधीचा माणूस माझ्यापेक्षा जाड होता हे उघड आहे.

शेवटी १४ हजारांत देतो म्हणाला. नाही म्हणालो. वाईट वाटलं पण.

फिरस्ता
शाब्बास. माझं मत अजून तेच आहे, पण तू तपासलंस तसं सगळे तपासतील तर मी माझा हट्ट थोडा सैल करायला तयार आहे.

कडेलोट
बाही लहान म्हणजे विषय संपला होता, बाकी बघायचीही गरज नव्हती. शिवण परत घालता येते, पॅड नवीन मिळतात. दुसऱ्याच्या अंगाने ताणलेलं चामडं तुझ्या मापाचं होत नाही.

टाकादोरा
बरोबर. माझ्याकडे लोक येतात की ताई जरा बारीक करा. कमरेत होतं थोडंफार. खांदा आणि बाही बदलायला गेलं की पॅडची जागा बिघडते, मी ते काम घेतच नाही.

घाटरस्ता
वळणवेडा, तुझी उंची आणि छाती किती? नाशिकला माझ्या मित्राचा टू-पीस पडून आहे. २०२१ चा, लेबलवर एएए, एकदाही पडलेला नाही, मूल झाल्यावर बाईकच विकली त्याने. कमरेला पूर्ण गोल चेन आहे, ती अर्धी मागून जोडणारी नव्हे.

वळणवेडा
१७४ सेमी, छाती ४०. दादा, नंबर व्यनि (खासगी निरोप) करा!

घाटरस्ता
केला.

वळणवेडा
अपडेट देतो, दोन आठवडे झाले. नाशिकला जाऊन आलो. वाकून बसलो तर बाही मनगटावर, गुडघ्याचा पॅड गुडघ्यावर, भावाने कितीही फिरवला तरी हलेना. चेन दहा वेळा उघडली-लावली, एक दात चुकला नाही. टॉर्चमध्ये फक्त एका जागी, पँटच्या डाव्या मांडीच्या आत, चार बोटांएवढ्या शिवणीत ठिपके दिसले. मित्राने तेवढ्याचे पैसे स्वतःहून कमी केले, २४ हजारांत झालं. पॅड सगळे नवीन मागवले, पाठीचा लेव्हल २ वेगळा. एकूण नवीन सूटच्या साधारण निम्म्यात बसतंय. आईला लेबल दाखवलं, तिने चष्मा लावून सगळं वाचलं आणि मांडीची शिवण स्वतः फाकून बघितली! पँट काल ताईंच्या पत्त्यावर पाठवली.

टाकादोरा
आजच मिळाली. कातडं छान आहे, आतली बाजू अजून मऊ. काखेला लागलेल्या घामाचे पांढरे डाग जॅकेटवर असतील तर ते पुसून घे. मांडीची शिवण उघडून बघितली, आतला टाका शाबूत आहे, वरची एक ओळ गेलीय. मशीन लावत नाही, त्याच जुन्या भोकांतून जाड बॉन्डेड दोऱ्याने हाताने घेतेय, वेळ लागतो त्याला. शनिवारी कुरिअर करते. खिशात नाशिकच्या पेट्रोल पंपाची पावती आणि लहान मुलाचा एक मोजा सापडला, पार्सलमध्ये घालून देते, मित्राला परत दे.